पहिला प्राणी, पहिली उतारी

गेल्या दिवाळीत म्हैसूरला, नजरबादमधल्या ताईच्या घरी, एक अख्खी दुपार मी भाच्याच्या शेजारी बसून काढली. पोरगा नऊ वर्षांचा. हातात गेमचे यंत्र आणि पडद्यावर 'पोकेमॉन'ची तीन पिल्ले: गवताच्या गुणाचे मांजर स्प्रिगाटिटो, आगीच्या गुणाची मगर फ्युकोको, पाण्याच्या गुणाचे बदक क्वाक्सली. तिघांतले एकच मिळणार आणि त्याला बरोबर घेऊनच पुढच्या प्रवासाला निघायचे. पोराने चांगला अर्धा तास घेतला. बोट बटणापर्यंत न्यायचा, मागे घ्यायचा. आईला विचारून झाले, आजोबांना विचारून झाले, मग माझी पाळी आली.

"मामा, तू कुठला घेतला असतास?"

"मगर," मी म्हटले.

त्याने बदक घेतले.

या अर्ध्या तासाला पोरखेळ म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. नऊ वर्षांच्या मुलाचे कपडे, शाळा, जेवण, झोपायची वेळ, सगळे कुणीतरी दुसऱ्याने ठरवलेले असते. इथे पहिल्यांदाच कुणी त्याला विचारते आहे की तुझ्या सोबतीला कोण हवे, आणि एकदा सांगितलेस की ते बदलणार नाही. मी त्याचा चेहरा बघत होतो. निवडीचे ओझे त्याला कळत होते.

डाव सुरू झाला, तासाभराने यंत्र चार्जिंगला लागले आणि पोरगा मोकळा झाला. दिवाणखान्यात ताईने माहेरची आठवण म्हणून सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा चौकटीत घालून लावला आहे. लाखेची चकाकी असलेली गोल चित्रे. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह असे दहाही राजे गोलात मांडलेले. पोराची नजर कासवावर थांबली. "हा पाण्याचा ना?" त्याने विचारले. मी हो म्हटले. मग त्याने जे विचारले त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. "यातला पहिला कुठला घ्यायचा?"

घरातल्या चार मोठ्या माणसांपैकी एकालाही ते सांगता आले नाही. चित्र प्रत्येकाला ओळखता येत होते, खेळ कुणालाच येत नव्हता. त्या प्रश्नाचे उत्तर मी नंतर शोधले, आणि शोधता शोधता लक्षात आले की हातात मावणारा रंगवलेला प्राणी आणि त्याच्यापासून सुरू होणारा डाव यांचा आपल्याकडचा इतिहास जवळजवळ पाचशे वर्षांचा आहे. नजरबादच्या आसपास त्यातले एक मोठे पान लिहिले गेले आणि दुसरे मराठी मुलखात, सावंतवाडीत.

गंजिफा इराणकडून आला. १५२७ साली बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफ्याचा संच पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या काळी अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त बारा रंगांच्या, म्हणजे १४४ पत्त्यांच्या गंजिफ्याचे वर्णन केले. त्या रंगांची नावे आजही वाचताना मजा येते: अश्वपती, गजपती, नरपती, गडपती, धनपती, नौपती. यादी पुढे जाते तसे माणसांचे जग मागे पडते. वनपतीच्या रंगात जंगलातली श्वापदे आहेत आणि त्यांचा राजा वाघ. अहिपतीच्या रंगात सर्प. असुरपतीच्या रंगात जिन आणि दैत्य, त्यांच्यावर सिंहासनस्थ सुलेमान. राक्षसांना पत्त्यांत कोंडून, त्यांची प्रतवारी लावून, मुठीत धरून खेळायचे, ही कल्पना टोकियोत जन्मण्याच्या चारशे वर्षे आधी आग्र्याला आणि फत्तेपूरला रुळली होती.

हा खेळ देशभर पसरताना त्याने ठिकठिकाणची वस्त्रे अंगावर चढवली. दरबारी मोगली गंजिफा आठ रंगांचा होता, त्याला आपल्याकडे चंगकांचनही म्हणत. पण कोकणात, ओडिशात आणि बंगालमधल्या विष्णुपुरात लोकांनी बादशाही टांकसाळ, तलवार आणि गुलाम बाजूला ठेवून तिथे विष्णूचे दहा अवतार बसवले. दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पत्ते: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. एकूण १२०. मत्स्याच्या पत्त्यांवर मासे मोजायचे, कूर्माच्या पत्त्यांवर कासवे, परशुरामाच्या पत्त्यांवर परशू. सत्तीवर सात कासवे रांगेने काढलेली असतात. प्रत्येक पाठ एकाच ब्रशने, एकाच हाताने, आणि तरी दोन पाठी सारख्या नसतात.

आता पहिला कुठला, हा प्रश्न. दशावतारी गंजिफ्यात तो खेळणाऱ्याला विचारलाच जात नाही. पत्ते पिसून वाटले जातात. तिघे बसले असतील तर प्रत्येकाला चाळीस. मग आभाळाकडे बघायचे. दिवस असेल तर ज्याच्या हातात रामाचा राजा आला असेल त्याची उतारी. रात्र असेल तर कृष्णाच्या राजाची. सूर्यवंशातला राम दिवसाचा, मध्यरात्री जन्मलेला कृष्ण रात्रीचा. मोगली गंजिफ्यातही हाच न्याय: दिवसा सूर्याचा रंग पुढे, रात्री चंद्राचा. विष्णुपूरच्या दशावतार ताशात तर वेळेबरोबर पाऊस पडतो आहे की नाही हेही बघत. बाहेरच्या ऋतूला आणि प्रहराला डावात एवढा मान देणारा दुसरा पत्त्यांचा खेळ मला ठाऊक नाही.

रंगांची उतरंडही सरळ नाही. दहापैकी पाच रंगांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या पाचांत नेमके उलट: एक्का प्रधानाला लागून आणि दश्शी तळाला. शिवाय हुकूम नाही. त्यामुळे १२० पत्त्यांतले कुठले पडले, कुठले कुणाच्या हातात अडकले, हे लक्षात ठेवल्याशिवाय या खेळात हात होत नाहीत. आजीला पाढे येत होते म्हणून आपण तिचे कौतुक करतो. गंजिफा खेळणाऱ्या बायका-पुरुषांच्या डोक्यात दोन उलटसुलट उतरंडी आणि शंभरावर पत्ते एकाच वेळी फिरत असत, आणि त्याचे त्यांना काही विशेष वाटत नसे.

आता नजरबादचे पान. टिपू सुलतानाने म्हैसूरचा जुना किल्ला पाडला आणि तिथून मैलभरावर एका उंचवट्यावर, त्याच दगडांनी, नवा किल्ला बांधायला घेतला. नजरबाद हे नाव तेव्हाचे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले, टिपू लढताना मारला गेला, नवा किल्ला अर्धवट राहिला आणि तेच दगड परत म्हैसूरला वाहून नेऊन जुन्या जागी किल्ला उभा केला गेला. त्याच वर्षी ३० जूनला इंग्रजांनी गादीवर बसवलेला तिसरा कृष्णराज वाडियार पाच वर्षांचाही पूर्ण नव्हता.

म्हैसूरकर ज्याला मुम्मडी कृष्णराज म्हणतात तो हाच. त्याला कुणी काही निवडू दिले नाही. गादी दिली इंग्रजांनी, आणि १८३१ साली कारभार काढून घेतला तोही इंग्रजांनीच. पुढची सदतीस वर्षे, १८६८ साली मृत्यू येईपर्यंत, तो राजवाड्यात होता पण राज्य त्याच्या हाती नव्हते. त्या वर्षांत त्याने काय केले? खेळ रचले. बुद्धिबळाच्या चौसष्ट घरांवरून घोडा एकही घर दोनदा न शिवता कसा फिरवायचा याची कोडी सोडवली आणि नव्याने मांडली. 'श्रीतत्त्वनिधी' या त्याच्या नावावरच्या प्रचंड सचित्र ग्रंथाचा शेवटचा भाग कौतुकनिधी, त्यात खेळांचे वर्णन आहे. गंजिफ्याचे तर त्याने नवे घराणेच काढले. त्याला छद म्हणतात. छत्तीस पत्त्यांपासून तीनशे साठ पत्त्यांपर्यंतचे संच. त्यातला चामुंडेश्वरी छद सोळा रंगांचा, ३२० पत्त्यांचा.

काही इतिहासकार याकडे रिकामटेकड्या राजाचा नाद म्हणून बघतात. मला हे अन्यायाचे वाटते. ज्याच्या हातून प्रधान नेमण्याचा अधिकार गेला, त्याने तीनशे वीस पत्त्यांच्या राज्यात प्रत्येक राजाला प्रधान दिला, वाहन दिले, ध्वज दिला, कोण कुणाहून मोठा हे ठरवले. खेळाच्या चौकटीत माणसाला निवडीचा अधिकार किती मोलाचा वाटतो, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मी तरी पाहिलेला नाही. आणि त्याने जे रचले ते टिकले. मुंबईत राहणारे जर्मन वंशाचे कलासमीक्षक रुडी व्हॉन लायडन यांनी विसाव्या शतकात म्हैसूरच्या या छदांचा कसून अभ्यास करून पुस्तक लिहिले, म्हणून आज आपल्याला त्याबद्दल इतके बोलता येते.

आता जपान. तिथे पत्ते पोर्तुगीजांनी नेले, सोळाव्या शतकात, गोव्यात त्यांचा जम बसला होता तेव्हाच. जपानी भाषेतला करुता हा शब्द पोर्तुगीज कार्तावरूनच आला. जुगार होतो म्हणून सरकारने पत्त्यांवर वारंवार बंदी घातली, तेव्हा आकड्यांचे पत्ते मागे पडून फुलांचे, पानांचे, रानडुकराचे, हरणाचे हानाफुदा पुढे आले. १८८९ साली क्योतोमध्ये फुसाजिरो यामाउची याने असे पत्ते हाताने बनवणारे एक दुकान काढले. त्या दुकानाचे नाव निन्टेन्डो.

हे वाचल्यावर मी जरा वेळ तसाच बसून राहिलो. सावंतवाडीच्या चितारआळीत चिंचोक्याची खळ लावून पत्त्यांचे थर चिकटवणारे चितारी आणि क्योतोमध्ये तुतीच्या सालीच्या कागदाचे पत्ते बनवणारे कारागीर एकाच काळात, एकाच धंद्यात होते. माल जवळजवळ सारखा होता. गिऱ्हाईकही सारखे, डाव मांडणारे.

पुढे वाटा वेगळ्या झाल्या. निन्टेन्डोने १९५३ साली प्लास्टिकचे पत्ते काढले, १९५९ साली डिस्नेच्या चित्रांचे काढले आणि खेळणे पत्त्यांच्या टेबलावरून घरातल्या पोरांच्या हातात दिले. मग खेळणी आली, मग यंत्रे. १९९६ सालच्या २७ फेब्रुवारीला गेम बॉय या हातातल्या यंत्रावर 'पोकेमॉन'चे पहिले दोन खेळ आले, लाल आणि हिरवा. ते रचणारा सातोशी ताजिरी लहानपणी माचिदा या टोकियोच्या उपनगरात किडे गोळा करत फिरायचा. शहर वाढले, तळी बुजली, किडे गेले. दोन यंत्रे जोडणारी तार पाहिली तेव्हा त्याच्या मनात आले की या तारेवरून किडे इकडून तिकडे चालत जातील. सहा वर्षे तो त्यामागे होता.

त्या खेळात सुरुवातीलाच एका प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत टेबलावर तीन गोळे ठेवलेले असतात. गवताचा बल्बासॉर, आगीचा चार्मँडर, पाण्याचा स्क्वर्टल. एक उचलायचा. तुम्ही उचललात की तुमचा प्रतिस्पर्धी पुढे होतो आणि तुमच्या प्राण्यावर मात करेल असाच उचलतो. आगीवर पाणी, पाण्यावर गवत, गवतावर आग. म्हणजे बिनचूक निवड नाहीच. चार्मँडर घेणाऱ्याला पहिल्याच मोठ्या लढतीत दगडांपुढे डोके आपटावे लागते, दुसरीत पाण्यापुढे. बल्बासॉर घेणाऱ्याला हे दोन्ही घाट सोपे जातात. तरी पोरे चार्मँडर घेत राहिली, कारण तो पुढे पंख फुटून मोठा होणार हे त्यांना ठाऊक होते. अडचण पत्करून एखाद्यावर जीव लावणे हे पोरांना कुणी शिकवावे लागत नाही. आणि उरलेले दोन प्राणी हवे असतील तर त्या पहिल्या खेळात एकच मार्ग होता: मित्राकडे जाऊन, तार जोडून, देवाणघेवाण. १९९९ साली आलेल्या पुढच्या जोडीत तर खेळातच घड्याळ बसवले. काही प्राणी दिवसा भेटतात, काही रात्री. रामाचा दिवस आणि कृष्णाची रात्र मला लगेच आठवली.

आपल्याकडे हे सगळे दूरचित्रवाणीवरून आले, या शतकाच्या सुरुवातीला. चिप्सच्या पुड्यांतून निघणारे गोल टॅझो शाळेच्या दप्तरात भरलेले असायचे. गोल चकती, मधे प्राणी, आणि त्यांचे डाव. एका अख्ख्या मराठी पिढीने गंजिफा न बघता गंजिफ्यासारखेच काहीतरी मधल्या सुट्टीत खेळले. २०१६च्या डिसेंबरात 'पोकेमॉन गो' अधिकृतपणे भारतात आला, तेव्हा तीच पिढी मोबाइल घेऊन रस्त्यावर उतरली होती.

वाटून आलेला हात मोठा की निवडून घेतलेला प्राणी मोठा, असा वाद घालावासा मला वाटत नाही. पण पाचशे वर्षांत काय बदलले ते मात्र नोंदवले पाहिजे. गंजिफ्यात नशिबाने चाळीस पत्ते येतात, त्यात कासव असेल किंवा नसेल, आणि आलेल्या हातातून डाव काढणे हे कसब. नव्या खेळात मुलाला आधी विचारले जाते. मूल ज्याची निवड करते त्याची काळजी घेते, हे मी त्या दुपारी डोळ्यांनी पाहिले: बदक जखमी झाले तेव्हा पोराने बाकी सगळे सोडून आधी त्याच्यावर उपचार केले. मुलाला विचारले जाणे ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे मी मनापासून स्वागत करतो. पण हाती आलेल्या पानांवर खेळायलाही कुणीतरी शिकवायला हवे, आणि ते शिकवणारा खेळ आपल्याच भिंतीवर टांगलेला आहे.

तो भिंतीवर गेला कसा? छापील बावन्न पत्त्यांचे जोड स्वस्तात मिळू लागले. हाताने रंगवलेल्या १२० पत्त्यांना मग कोण विचारणार? सावंतवाडीत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कला जवळजवळ संपत आली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती वाचवली. जुन्या जाणत्या चिताऱ्याला, पुंडलिक चितारींना, त्यांनी शोधून काढले, स्वतः शिकून घेतले, १९७१च्या सुमारास राजवाड्यातच कार्यशाळा सुरू केली. राणीसाहेब स्वतः रंगवायला बसत. मराठी माणसाने त्या दोघांचे ऋण कधी विसरू नये. म्हैसूरच्या गंजिफ्याला भौगोलिक मानांकन आधीच होते, २०२४ साली ते सावंतवाडीच्या गंजिफ्यालाही मिळाले.

पण मानांकन चित्राला मिळते, ब्रशला मिळते, लाखेला मिळते. उतारी कुणाची, पाच रंगांत दश्शी वर आणि पाच रंगांत खाली का, याला मानांकन नसते. आपण गंजिफ्याचा कारागीर वाचवला आणि गंजिफ्याचा खेळाडू जाऊ दिला. परिणाम असा की संच भेटवस्तू म्हणून विकले जातात, चौकटीत बसतात, चहाच्या टेबलाखाली जातात. क्योतोच्या दुकानाने उलट केले. ते कागदावरून प्लास्टिककडे गेले, तिथून यंत्रांकडे, यंत्रे दहादा बदलली, पण डाव मांडणारा मुलगा कधी सोडला नाही. प्रत्येक खेळ स्वतःच स्वतःचे नियम शिकवतो. मुलाला काही आधी येत असावे लागत नाही. आणि हानाफुदाचे पत्ते ती कंपनी आजही विकते.

नजरबादमध्येच, प्राणिसंग्रहालयाच्या परिसरात, रामसन्स कला प्रतिष्ठान ही संस्था आहे. जुने पट आणि सोंगट्या नव्याने बनवून घेणे, त्यांची 'क्रीडा कौशल्य' प्रदर्शने भरवणे, हे काम ती वर्षानुवर्षे करते आहे. चौकाबारा, पगडे, वाघ-बकरी हे खेळ तिथे घेऊन जाऊन खेळायचे म्हणून मिळतात. सावंतवाडीला नेमके हे हवे. प्रत्येक संचात मराठीत नियमांची एक घडीपत्रिका हवी, एका डावाचे उदाहरण देऊन समजावलेली. हाताने रंगवलेला संच महाग असणारच, आणि चिताऱ्याच्या कष्टाचे मोल कमी होताही कामा नये. पण त्याच्याच चित्रांवरून छापलेला, पोरांच्या खिशाला परवडणारा संचही हवा आणि त्यातला वाटा त्या चिताऱ्याला मिळायला हवा. महाराष्ट्र सरकारने कलेसाठी जे द्यायचे ते द्यावे. पण सिंधुदुर्गातल्या शाळांतून गंजिफ्याचे सामने भरले, तर त्या एका गोष्टीने दहा प्रदर्शनांपेक्षा जास्त काम होईल.

ताईकडून निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही ती चौकट उतरवली. चौकटीत राजेच होते, बाकीचे ११० पत्ते तिच्या कपाटात, लाकडी डबीत, एकदाही न हाताळलेले सापडले. ताई, भाचा आणि मी खाली चटईवर बसलो. पिसताना पत्ते एकमेकांवर खडखडत होते. दिवेलागण झाली होती, म्हणजे कृष्णाची उतारी, आणि कृष्णाचा राजा पोराच्या हातात आला होता. कूर्माचा राजाही त्याच्याकडेच होता. तो त्याने शेवटपर्यंत टाकला नाही.

तुमच्या घरी भिंतीवर गंजिफा असेल तर तो उतरवा. डबी उघडा, तिघे बसा, चाळीस-चाळीस पाने वाटा. दिवस असेल तर ज्याच्याकडे राम आहे त्याला सुरुवात करू द्या.